घासून काढलेल्या रिकिबी

पापनिवेदनाची मला लहानपणापासून सवय आहे. वसईला असताना जायचे, इथे परदेशात, व्हिटबीला आल्यावरही चुकवलं नाही. जाळीपलीकडच्या फादरांच्या कानावर मी काय काय घातलेलं आहे — जावेचा मत्सर, नवऱ्यावर धरलेला डूख, उपवासकाळातल्या शुक्रवारी खाल्लेलं मटण. हे एवढं एक मात्र नाही. दरवेळी गुडघे टेकते, शब्द जिभेच्या टोकापर्यंत येतात, आणि मग मी म्हणते, फादर, या महिन्यात एक मिस्सा चुकली. ते बिचारे माफ करतात. भलत्याच गोष्टीची माफी घेऊन मी घरी येते आणि भात टाकते.

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते आहे. ओळखीच्या माणसाला सांगायची छाती असती तर ही वेळच आली नसती — नाही का?

आधी माझ्याविषयी एक गोष्ट ऐका. मला कळकट भांडं बघवत नाही. दुसऱ्याच्या घरी गेले तरी माझी नजर आधी सिंककडे जाते. गावी नाताळच्या आधी आम्ही बायका चर्चमधलं पितळ घासायला जमायचो — वेदीवरचे मेणबत्त्यांचे स्टँड, घंटा, धुपाचं भांडं. चिंच, मीठ, राख आणि नारळाची शेंडी, एवढीच आमची सामग्री. मी परकरी पोर होते तेव्हापासून त्यात. मोठ्या बायका म्हणायच्या, हिच्या हाताला उजेड आहे. अभ्यासात माझं कधी कौतुक झालं नाही, रूपाचं तर नावच नको. जन्मात जे काय कौतुक वाट्याला आलं ते त्या घासण्याचं. त्यामुळे माणसाला जसा गळ्याचा किंवा बुद्धीचा गर्व असतो, तसा मला हाताचा आहे. होता म्हणू का? नाही, अजूनही आहे. लाज वाटते, तरी आहे.

मिस्टर ओकादा आमचे शेजारी. आमचे कसले — माझे, कारण नवरा वारला त्याच हिवाळ्यात आमची खरी ओळख झाली. पहिला मोठा बर्फ पडला होता. शोव्हल करायचं काम नेहमी नवऱ्याचं. मी कोट चढवून फावडं शोधून दारात येते तो काय, ऐंशीच्या घरातला हा वाकलेला म्हातारा माझा ड्राइव्हवे साफ करून आपल्या घरात चाललेला. थँक यू म्हणायलाही थांबला नाही. मी संध्याकाळी त्यांना सुक्या बोंबलाचं कालवण आणि भात नेऊन दिला. खरं सांगू, मनात थोडी खोडीही होती, कारण आमच्या गल्लीत माझ्या बोंबलाच्या वासाने खिडक्या धडाधड लागतात. दुसऱ्या दिवशी ते धुतलेला डबा घेऊन आले आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "मिसेस लोपीस, इज देअर एनी मोअर?"

तेव्हापासून दुपारचा चहा बहुतेक त्यांच्याकडे. माझा मुलगा एडमंटनला असतो. फोन करतो, नाही असं नाही. मी मराठीत विचारते, तो इंग्रजीत उत्तर देतो, आणि तिकडचं नि इकडचं हवामान सांगून झालं की आमचं बोलणं संपतं. ओकादांशीही मी फार बोलायचे नाही. पण दुपारी चहाच्या वेळेलाच काळोख पडायला लागतो तेव्हा समोर कुणीतरी कप धरून बसलेलं असणं — ज्यांच्या घरात माणसं आहेत त्यांना याची किंमत कळायची नाही.

त्यांच्या हॉलमध्ये काचेच्या कपाटात दोन रिकिबी होत्या. घोड्यावर बसल्यावर पाय ठेवायच्या रिकिबी, पण आपल्याकडच्या लोखंडी कड्यासारख्या नव्हेत. लांबट, एका अंगाने उघड्या, अख्खं पाऊल टेकेल अशा, आणि पुढून फुगून वर वळलेल्या. तो फुगवटा म्हणजे कबुतराची छाती, असं त्यांनी मला सांगितलं. त्यांच्यात म्हणे तसंच म्हणतात. सामुराईंच्या काळातल्या. जपानी नाव आबुमी. आतून लाखेचा लाल लेप, बाहेरून गडद तपकिरी लोखंड, आणि त्या लोखंडावर चांदीच्या लाटा. लाटांवरून उडणारे छोटे छोटे पक्षी. एका पक्ष्याची चोच उघडी होती. कारागिराने लोखंडावर केसासारख्या बारीक उभ्या-आडव्या रेघा खरवडून घेतल्या होत्या आणि त्या खडबडीत अंगावर चांदीचा पातळ पत्रा ठोकून ठोकून बसवला होता. ना डाख, ना खिळा. हे सगळं ओकादा मला एका दुपारी बोट न लावता, नुसतं लांबून दाखवून सांगत होते. तो तपकिरी रंगसुद्धा मुद्दाम आणलेला आहे, असंही म्हणाले. लोखंडाला सावकाश गंजू द्यायचं, मग थांबवायचं. आई फक्त कोरड्या फडक्याने पुसायची, मीही तेच करतो.

मी मान डोलावली. आणि मनात काय म्हणाले असेन? म्हणाले, पुरुषांचं पुसणं ते, तसंच असायचं. पालथ्या घड्यावर पाणी.

त्या रिकिबी तिथवर कशा आल्या तेही त्यांनी सांगितलं होतं, म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. त्यांचे आजोबा त्या जपानहून घेऊन या देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर आले. मासेमारीचं घर. जपानशी युद्ध सुरू झालं तेव्हा इथल्या सरकारने किनाऱ्यावरच्या सगळ्या जपानी माणसांना हुसकून लावलं, घर गेलं, होडी गेली. हातात मावेल तेवढंच न्यायचं होतं. आईने मुलांच्या दुलईत या दोन रिकिबी गुंडाळल्या. त्या दुलईत खरं तर लोकरीचे कपडे मावले असते, असं ओकादा म्हणाले. डोंगरात नेऊन ठेवलं त्या लाकडी खोपटात पहिल्या थंडीत त्यांना खोकला लागला तो महिनोन्महिने गेला नाही, आणि आई उशाशी बसून त्यांना पक्षी दाखवायची.

त्यांना एकच मुलगी, नाओमी. ती हॅलिफॅक्सला असते. तरुणपणी तिला त्या रिकिबींचा राग होता — रस्टी आयर्न म्हणायची. घरात माणसांपेक्षा त्या गंजक्या लोखंडाला मान आहे, असं एकदा बापाच्या तोंडावर बोलून गेली होती. त्यावरून आणि आणखी कशाकशावरून बापलेकीत वर्षानुवर्षं नुसतं सणावारी कार्डापुरतं नातं उरलं होतं. पण मी ओळखायला लागले त्या सुमारास ते पुन्हा जुळत आलं होतं. तिचा फोन आला की म्हातारा रिसीव्हर दोन्ही हातांनी धरायचा. मी कप उचलून स्वयंपाकघरात जायचे. मला बरंही वाटायचं आणि — सांगूनच टाकते — जराशी पोटदुखीही व्हायची.

मग ते बर्फावर घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटल, ऑपरेशन, पुढे चालायला शिकवणाऱ्या सेंटरमध्ये मुक्काम. नाओमी विमानाने आली, थोडे दिवस त्यांच्या घरी राहिली, फ्रिज साफ केला, मला किल्ली दिली, झाडांना पाणी घाला म्हणाली आणि नोकरीसाठी परत गेली. नाताळ तोंडावर आला होता. नाताळच्या आत ओकादा घरी येणार होते.

काय झालं ते तुम्हाला आता कळलंच असेल. तरीही मला ते सांगायला हवं, कारण कळणं आणि सांगणं यात फरक आहे.

मी त्या रिकिबी माझ्या घरी आणल्या. माणूस दुखण्यातून उठून घरी येतो, त्याचं घर कसं लख्ख दिसायला हवं, असं मला वाटलं. हे खरं आहे, पण सगळं खरं नाही. मला त्यांना दाखवायचं होतं. लेकीने फ्रिज साफ केला, मी काय करू शकते ते बघा. इंडियन ग्रोसरीतून आणलेला चिंचेचा गोळा कोमट पाण्यात कोळला, मूठभर मीठ घातलं, आणि दोन्ही रिकिबी टबात बुडवून वर मी जेवून घेतलं. मग घासायला बसले. इथे नारळाची शेंडी कुठून मिळणार? भांड्याची हिरवी घासणी घेतली. गंज सुटायला लागला तशी मी खूश. पाणी चॉकलेटी झालं, खालून पांढरट लोखंड वर यायला लागलं, आणि मी आणखी जोर लावला. गाणंही म्हणत होते. पाणी बदलायला उठले तेव्हा टबाच्या तळाशी काहीतरी चमकलं. मिठाईवरच्या वर्खासारखे बारीक तुकडे. मी बोटाने एक उचलला. ती लाट होती.

करायला गेले एक आणि झालं एक. पक्षी जवळजवळ सगळे गेले होते. आतल्या लाखेला फुगे येऊन तिचे पोपडे सुटत होते. मी ते तुकडे गाळणीने गाळले — गाळून काय करणार होते देव जाणे — आणि किचनच्या फरशीवर बसून रडले. रिकिबी पुसल्या, तेल चोळलं. आता त्या जुन्या कढईसारख्या दिसत होत्या. तशाच नेऊन कपाटात ठेवल्या, त्यातल्या त्यात बरी राहिलेली बाजू पुढे करून.

सांगणार होते. शपथेवर सांगते, त्या दिवशी तरी सांगणार होते. ओकादा आले त्या दिवशी दमलेले होते, म्हणून नाही सांगितलं. मग नाताळ होता. मग पाहुणे होते. कारण हवं असलं की कारणांना काय तोटा?

एका दुपारी त्यांनीच मला बोलावलं. वॉकर बाजूला होता आणि एक रिकीब त्यांच्या मांडीवर. ते ओरडले नाहीत. उघड्या चोचीचा तो पक्षी जिथे होता तिथून ते अंगठा फिरवत होते. मी तोंड उघडलं. पण त्यांनीच आधी विचारलं, "मिसेस लोपीस, नाओमी इथे होती तेव्हा तुम्ही येत-जात होतात. डिड यू सी हर विथ दीज?"

त्यांच्या मनात माझा संशयसुद्धा आला नव्हता. हे त्यांचं माझ्यावरचं प्रेम म्हणायचं की काय? जो कोरड्या फडक्याची गोष्ट मला सांगून बसला होता, त्याला मी असं करीन हे सुचलंच नाही.

मी म्हणाले, "एकदा आले होते तेव्हा सिंकपाशी काहीतरी घासत होती खरी."

आणि गंमत बघा, ते खोटं नव्हतं. ती करपलेला तवा घासत होती. मी तवा हा शब्द गाळला, एवढंच.

त्यांनी हळूच मान हलवली. "शी नेव्हर लाइक्ड देम," म्हणाले. पुढे चहासुद्धा झाला. मी तो प्यायले.

त्या आठवड्यात नाओमीचा मला फोन आला. रडत होती. डॅड म्हणतात मी आबुमी खराब केल्या, मी त्यांना हातही लावलेला नाही, मिसेस लोपीस, घरात कुणी आलं होतं का? ही दुसरी संधी होती. पहिली घाईत हुकली म्हणता येईल — ही नाही. मला विचार करायला वेळ होता, ती नाक शिंकरत होती तेवढा. मी म्हणाले, "नाओमी, तुझे डॅडी आता थकलेत. ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसांचं असं होतं, विसरतात, भलतंच काही मनात घेतात." मी रिटायर होईपर्यंत नर्सिंग होमच्या किचनमध्ये काम केलेलं, त्यामुळे माझ्या बोलण्याला वजन होतं. तिने लगेच विश्वास ठेवला.

मग तिने लांबूनच डॉक्टरांना सांगून त्यांची स्मरणशक्ती तपासायची व्यवस्था केली. त्यांना घड्याळ काढून दाखवायला सांगितलं, आज कोणता वार ते विचारलं. म्हाताऱ्याचं डोकं माझ्याहून ठणठणीत होतं. लेकीने आधी माझ्या आईची वस्तू बिघडवली, वर मला वेडा ठरवते, एवढंच त्यांना त्यातून समजलं. ते तिचे फोन घेईनासे झाले. घंटा वाजायची, आम्ही दोघं चहा प्यायचो, आणि ती वाजायची थांबायची. मग मी विचारायचे, बिस्किट देऊ?

सगळ्यात वाईट काय सांगू? ते दिवस माझे चांगले गेले. त्यांना आता मीच होते. जेवण मी न्यायचे, औषधं मी आणायचे, कुणी चौकशी केली की ते मला फॅमिली म्हणायचे. इतकी वर्षं या देशात काढून मला कुणी तसं म्हटलं नव्हतं. मी ते नातं चोरलं होतं आणि ते माझ्या अंगाला बेमालूम बसलं होतं.

पुढच्या हिवाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं. ऐकूही फार कमी यायला लागलं, फोनवर तर अजिबात नाही. एका दुपारी मी त्यांना पेज भरवत होते. त्यांनी चमचा बाजूला सारला आणि म्हणाले, "टेल नाओमी, इट्स ओन्ली आयर्न. टेल हर टू कम." दोनदा म्हणाले. मी म्हणाले, हो, सांगते. त्यांनी माझा हात थोपटला आणि उरलेली पेज संपवली.

कधी कधी मला वाटतं, त्यांना खरं काय ते कळलं होतं आणि तो निरोप माझ्यासाठीही होता. पण असं वाटणं माझ्या फार सोयीचं आहे, म्हणून मी त्यावर विश्वास ठेवत नाही.

मी नाओमीला सांगितलं नाही.

हेच ते. इतका वेळ मी रिकिबींभोवती फिरते आहे, पण रिकिबी हे माझं पाप नव्हेच. ते मी केव्हाच सांगून टाकलं असतं. बावळट बाई म्हणून लोक हसले असते आणि विसरले असते. मी तो निरोप दिला नाही. माफी वगैरे काही बोलायची गरज नव्हती. नुसतं ये म्हणता आलं असतं. पण ती आली असती तर बापाच्या उशाशी बसली असती, दोघं बोलली असती, आणि चहा गार व्हायच्या आत त्यांना उमगलं असतं की दोघांपैकी कुणीच ते केलेलं नाही. मग किल्ली कुणाकडे होती? ते त्यानंतर बरेच दिवस जगले. दाराशी गाडी थांबली की मान वळवायचे. मी पडदा सारून बघायचे आणि सांगायचे, मेलमन आहे. एकदा त्यांनी विचारलं, तिला सांगितलंत ना? मी कागदावर मोठ्या अक्षरात यस लिहून दाखवलं.

ते गेल्यावर मी तिला फोन केला. मग ती आली.

अंत्यविधीनंतर तिने मला मिठी मारली आणि म्हणाली, तुम्ही नसता तर डॅड अगदी एकटे पडले असते. आबुमी ती घेऊन गेली. डॉक्टर काही म्हणोत, तिची आता अशी समजूत आहे की वडिलांनीच भ्रमात त्या घासल्या आणि मग तिच्यावर ढकललं. बिचारे डॅड, म्हणते, हाताने असं घासत बसले असतील. तिने त्यांना माफ केलं आहे. त्यांनी तिला केलं होतं. जे दोघांनीही केलं नव्हतं त्याची माफी दोघांनी दिली, आणि दोन्ही मला एकटीलाच ठाऊक आहेत.

ती दर रविवारी मला फोन करते. मिसेस लोपीसची आता आंटी झाली आहे. माझ्या मुलापेक्षा तीच जास्त चौकशी करते — गुडघे कसे आहेत, विंटर टायर्स घातले का, एकटं वाटतं का. मी त्या फोनची वाट बघते. शनिवारपासूनच बघते.

गेल्या रविवारी ती म्हणाली, "आंटी, एक विचारू? शेवटी शेवटी त्यांनी माझी आठवण काढली होती का? डिड ही एव्हर आस्क फॉर मी?"

मी म्हणाले, "नो, माय डिअर. ते बहुतेक झोपूनच असायचे."

ती म्हणाली, खरं सांगितल्याबद्दल थँक यू. मी म्हणाले, यू आर वेलकम.